ओळंबा मिस्त्रीचे उघडे सांधे

शेजारी म्हणत असत की या माणसाला चहा जरूर पाजावा, पण ओट्यावर बसवून. एकदा का तो घरात आला की कपाला हात लावण्याआधी भिंतीवरून तळवा फिरवणार, एक डोळा मिटून दाराची चौकट न्याहाळणार आणि चौकट दोन बोटे कलली आहे हे घरच्या कर्त्या माणसाला त्याच्या बायकोसमोर सांगणार. मग तो चहा कोणालाच गोड लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी राहणारा शिंपी तर याहून पुढे जाई. तो म्हणे, "हा जन्मला तेव्हा सुईणीने याला जरा तिरकं धरलं, म्हणून रडला. नाहीतर त्याला रडायचं काही कारण नव्हतं."

सगळे त्याला ओळंबा मिस्त्री म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन. गवंडी ते भिंतीलगत सोडतात आणि भिंत सरळ उठते आहे की नाही ते पाहतात. मिस्त्रीला या नावाचा राग नव्हता. उलट कोणी नुसतेच मिस्त्री म्हणून हाक मारली तर तो मागे वळून न पाहता विचारी, "कुठला?"

दगड घडवायला तो वडिलांकडे शिकला होता आणि सांधा जुळवायला स्वतःच्या हट्टाकडे. शर्टाच्या खिशात पत्त्यांच्या जोडातले एकच पान असे, चौकटची दुर्री. दगडाशेजारी दगड बसला की तो ते पान दोहोंच्या मध्ये घालून पाही. पान आत गेले तर दगड बाहेर. मजूर त्या पानाला सासूबाई म्हणत, आणि मिस्त्रीचा हात खिशाकडे गेला की एकमेकांना खुणावत, "आल्या, आल्या, उठून उभे राहा." मिस्त्रीच्या सासरी सुट्टीत पत्त्यांचा डाव पडे तेव्हा एक पान कमी भरे. त्या माणसांनी औषधाच्या खोक्याचा तुकडा कापून दुर्रीच्या जागी ठेवला होता आणि जावयाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. शब्द काढायचे काम त्यांच्या मुलीने स्वतःकडे घेतले होते. "अहो," ती सकाळी म्हणे, "चादर घडी करून ठेवायची असते. तिचे काटकोन तपासायचे नसतात."

अशा या माणसाला धाक वाटावा अशी जगात एकच व्यक्ती होती, आणि ती म्हणजे त्याची ताई. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. साठीला टेकलेल्या, पांढऱ्या मिशांच्या या भावाला ती भर रस्त्यात "बाळ" अशी हाक मारी आणि बाळ हातातले काम टाकून जाई. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत चार टाइपरायटर ओळीने मांडलेले होते. एके काळी त्या खोलीत सकाळ-संध्याकाळ टायपिंगचे वर्ग चालत. आता शिकायला कोणी येत नसे, पण अर्ज टाइप करून घ्यायला माणसे येत, कारण ताई अर्ज टाइप करता करता त्यातली मागणीही सुधारून देई. नळाची तक्रार घेऊन आलेला माणूस नळ, गटार आणि दिवा असे तिन्ही मागून परत जाई.

या घराला एकच खोड होती, आणि ती घराची नव्हती. मागच्या अंगणापलीकडे नदी होती. नदी तिथे वळते, आणि वळणाच्या बाहेरच्या काठाला पाण्याचा सगळा जोर लागतो. ताईचे घर नेमके त्या बाहेरच्या काठावर, तेरा इतर घरांच्या सोबतीने उभे होते. ताई लग्न होऊन आली तेव्हा मागच्या दारापासून काठापर्यंत बत्तीस पावले भरत. ही पावले ती दरवर्षी मोजी. पाणी काठाच्या पायाखालची माती हळूच काढून नेई, मग एके दिवशी वरची माती आपल्या वजनाने खाली बसे, आणि ताईच्या हिशेबातून दोन-तीन पावले वजा होत. आधी पेरूचे झाड गेले, मग कोंबड्यांची खुराडी, मग कुंपण. नऊ पावले उरली तेव्हा नगरपालिकेची नोटीस आली. काठ घरापासून चार मीटरच्या आत आल्यास घर तात्काळ रिकामे करावे, असे तिच्यात लिहिले होते. ताईने मीटरपट्टी धरून आपली पावले तपासली. चार मीटर म्हणजे सहा पावले.

तिचा मुलगा दूरच्या शहरात चौथ्या मजल्यावर राही. तो फोनवर म्हणाला, "आई, आता पुरे झालं. इकडे ये."

"येते की," ताई म्हणाली. "येऊन काय करू? खिडकीतल्या कबुतरांना टायपिंग शिकवू?"

फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ टाइपरायटरवरची धूळ पुसत बसली. ते मिस्त्रीने दारातून पाहिले आणि चौकट कलली आहे का हे न पाहता तो तसाच घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याने दगड मागवले.

ती पहिली भिंत त्याने स्वतःच्या जिवावर बांधली. तीन जुने सोबती आणि तो, असे चौघे पाणी उतरलेले असताना चार महिने राबले. ताईच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या मागे काठाला लगटून उभी, गुळगुळीत, ओळंब्यात सरळ अशी भिंत उठली. दुर्री एकाही सांध्यात गेली नाही. लोक पुलावर थांबून ती पाहत. शिंप्याने तोंडात बोट घातले आणि पुढचे दोन दिवस काही बोलला नाही, हीच त्याची पावती होती.

पुढच्या पुरात ती भिंत पडली. पडली म्हणजे कोसळली नाही. ती हळूहळू पुढे झुकली आणि अख्खीच्या अख्खी नदीत पालथी झाली. पाणी उतरल्यावर ती तळाशी दिसू लागली. तिच्यातला एकही दगड सुटा झाला नव्हता.

"मिस्त्री," शिंपी काठावरून वाकून म्हणाला, "पडली खरी, पण सांधा नाही उघडला. मानलं बुवा!"

मिस्त्री काठाकडे पाहत होता. भिंतीने जाता जाता काठाची मातीही ओढून नेली होती. ताईने मागच्या दारापासून पावले मोजली. सात भरली. नोटिशीच्या आणि तिच्या घराच्या मध्ये आता एकच पाऊल उरले होते.

पुढच्या महिन्यात नदीखात्याने त्या सबंध वळणाचे काम हाती घेतले आणि एक इंजिनीअर बाई पाहणीला आली. तिशीही न गाठलेली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, बोलताना समोरच्याकडे न पाहता पाण्याकडे पाहणारी. ती चौदाही घरांमागून चालत आली आणि पालथ्या भिंतीपाशी थांबली.

"ही कोणाची?"

"माझी होती," मिस्त्री म्हणाला.

"सांधे अजून घट्ट आहेत."

हे वाक्य गेल्या महिन्याभरात तो प्रथमच टोमण्याशिवाय ऐकत होता. त्यामुळे त्याला धीर आला आणि जो प्रश्न त्याने स्वतःलाही विचारला नव्हता तो त्याने तिला विचारला. "मग पडली कशाने?"

"गुळगुळीत होती म्हणून. खडबडीत काठाला पाणी घासतं, अडखळतं, दमतं. तुमच्या भिंतीला ते अडखळलंच नाही. सुसाट पळालं आणि पळता पळता खालची माती खणत गेलं. मिस्त्री, तुम्ही नदीला घसरगुंडी बांधून दिलीत."

शिंपी मागे उभा होता. तो इतका हसला की त्याच्या गळ्यातला टेप खाली पडला.

ताईने सगळ्यांना आत बोलावून चहा दिला. बाईने आपली योजना समजवायला चहाचा ट्रे मागितला, त्यात पाणी ओतले, एका कडेला रुमालाचा काठ केला आणि बशीतली बिस्किटे उचलून त्या काठाला तिरकी लावली, वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येते त्या बाजूला तोंड करून. "या अशा दगडांच्या सोंडा. काठापासून निघून नदीत शिरणाऱ्या. फार उंच नाहीत, पूर त्यांच्यावरून जाईल. पण जाताना प्रत्येक सोंड पाण्याचं तोंड काठाकडून मधल्या पात्राकडे फिरवील. दोन सोंडांच्या मध्ये पाणी शांत होईल आणि गाळ टाकील. अशा पाच. आणि काठाच्या उतारावर मोकळ्या दगडांचं अस्तर." तिने ट्रे कलता केला. पाणी बिस्किटांना लागून खरोखरच मध्यभागी वळले. सगळे वाकून पाहू लागले.

"बाई," ताई म्हणाली, "तुमच्या सोंडा विरघळायला लागल्या."

"खऱ्या दगडाच्या असतील," बाई हसून म्हणाली आणि एक सोंड खाऊन टाकली.

मिस्त्री मात्र हसला नाही. "मोकळे दगड म्हणजे? नुसते टाकायचे? याला काम म्हणत नाहीत, बाई. घर पाडल्यावर जे उरतं ते हे."

"टाकायचे नाहीत, बसवायचे. त्यासाठीच मला तुम्ही हवे आहात."

"मी असलं करत नाही."

"बाळ," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुझं काम नदीत झोपलंय. आता हिचं ऐकून बघ."

बाळाने ऐकले, पण मनातून नाही. काम सुरू झाले. काठाच्या पायथ्याशी, पाणी खणू शकते त्याहूनही खोल असा चर काढला गेला. उतारावर आधी खडीचा थर पसरला, म्हणजे दगडांच्या फटींतून माती वाहून जाऊ नये. मग खाणीतून ट्रक येऊ लागले. नदीतले गोटे बाईने एका नजरेत परत पाठवले. "गोल दगड घरंगळतो," ती म्हणाली, "मला कोन असलेला दगड हवा." जे दगड आले त्यांतले काही ताईच्या टेबलाएवढे होते. पोकलेनवाला ते आपल्या यंत्राच्या लोखंडी हातात उचली आणि वाटेल तिथे ठेवी. पहिल्याच दिवशी मिस्त्रीला ते पाहवले नाही.

"अरे, ठेवलास की फेकलास? फिरव त्याला. लांब बाजू काठात घाल. अजून. अजून थोडा. हां, आता सोड."

दगड खाली बसला तसा एक जाड, बंद आवाज झाला. मिस्त्री त्यावर चढला आणि अंग हलवून पाहिले. दगड ढिम्म. बाई काठावरून म्हणाली, "तीन ठिकाणी टेकलाय. बरोबर. प्रत्येक दगड असाच बसला पाहिजे." त्या दिवसापासून मिस्त्रीला या कामात थोडा जीव वाटू लागला. मोठ्या दगडांच्या मध्ये मधले, मधल्यांच्या मध्ये लहान. कोणता दगड कुठे अडकून बसेल हे त्याला ट्रक रिकामा होताना दिसे. आवाजावरून तो सांगे की हा बसला, हा नुसता टेकला. पोकलेनवाला तर त्याच्या हाताच्या इशाऱ्याशिवाय यंत्राचा हात हलवीनासा झाला.

गाडी अडली ती फटींपाशी. दोन दगडांत थोडी जागा दिसली की मिस्त्री तिथे लहान दगडाची चिप ठोकायला जाई. एकदा बाईने त्याला थांबवले, आपली मूठ त्या फटीत घातली आणि काढून दाखवली. "इथे मूठ जायला हवी, मिस्त्री. पुराचं पाणी काठाच्या मातीत शिरतं. पूर उतरला की ते पाणी बाहेर यायला वाट लागते. वाट बुजवली तर आतलं पाणी काठालाच ढकलून देईल. लक्षात ठेवा, पूर चढताना काठ जात नाही, उतरताना जातो."

मिस्त्रीने खिशातली दुर्री काढली, त्या फटीकडे पाहिले आणि पान परत खिशात ठेवले. तिथे अख्खा जोड मावला असता.

त्याने बाईचे म्हणणे ऐकले होते आणि त्याला ते पटलेही होते. तरीही पुढे जे झाले ते झाले, आणि त्याला कारण होते पुलावरून जाणारे लोक. त्याच्या हातचे काम पाहायला ज्या पुलावर माणसे थांबत, तिथूनच आता ती चालता चालता बोलत. "ओळंबा मिस्त्री थकला." "नजर गेली वाटतं." एका ओळखीच्या माणसाने तर मोठ्या आपुलकीने डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. मिस्त्रीने पत्ता घेतला, घडी घातली आणि चारही कोपरे जुळवून फाडून टाकला.

बाई मुख्य कचेरीत आठ दिवसांसाठी गेली तेव्हा ताईच्या घरामागच्या उतारावरचे अस्तर घालायचे उरले होते. बारा पावले लांबीचा तुकडा. दुपारी मजूर जेवायला गेले की मिस्त्री सिमेंट कालवी. चार दुपारी त्याने त्या बारा पावलांतला प्रत्येक दगड घडवून, कडा जुळवून, सांधा भरून बसवला. पाचव्या दुपारी त्याने पान काढून पाहिले. ते कुठेच शिरले नाही. पडलेल्या भिंतीनंतर प्रथमच त्याने ते खिशात ठेवण्याआधी रुमालाने पुसले.

ताई मागच्या दारात उभी होती. "बाळ, बाईंनी असं सांगितलं होतं?"

"बाईंनी चौदा घरांसाठी सांगितलंय. हे तुझं घर आहे."

दुसऱ्यांच्या अर्जातली चूक एका नजरेत काढणारी ताई त्या वेळी गप्प राहिली. तो गुळगुळीत उतार तिलाही छान वाटला होता. एवढे खरे की मिस्त्रीने नंतर त्यावर एक थर मोकळे दगड टाकले, वरवर पाहिले तर इतरांसारखेच दिसावे म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आपला सांधा कोणाला दिसू नये अशी काळजी घेतली. बाई परत आली, सगळ्या उतारावरून चालत गेली, "छान" म्हणाली. मिस्त्रीला त्या रात्री बायकोने विचारले, "अहो, बरं नाही का? आज चादरीला काही बोलला नाहीत."

पाच महिन्यांनी नदीच्या वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला आणि सकाळी नऊच्या सुमारास पाणी चढू लागले. चौदा घरांतली माणसे ताईच्या गच्चीवर जमली, कारण तिथून सगळ्यात चांगले दिसे. तांबूस पाणी पहिल्या सोंडेला धडकले, तिच्यावर चढले, फेस झाला आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्याची ती जाड शीर काठापासून सुटून पात्राच्या मध्यभागी गेली. दुसरी सोंड, तिसरी. काठालगतचे पाणी डबक्यासारखे गोल गोल फिरत राहिले. शिंप्याने टाळी वाजवली. "अहो, बिस्किटं टिकली!"

पूर दुसऱ्या दिवशी सकाळी उतरू लागला. पाणी चांगले कंबरभर खाली गेले तसा गल्लीला आनंदाचे भरते आले. ताईने मोठ्या पातेल्यात चहा टाकला. मुलाचा फोन आला तेव्हा तिने त्याला एक शब्द बोलू न देता सगळा पूर सांगितला. मिस्त्री कप घेऊन मागच्या अंगणात आला. काठावरून दोन्ही बाजूंना पाहिले, आणि त्याचा कप ओठांशी थांबला.

डावीकडे, उजवीकडे, सगळ्या उतारावर दगडांच्या फटींतून पाणी झिरपत होते. शेकडो बारीक धारा, जणू कोणी काठाला नळ बसवले होते. ताईच्या घरामागची बारा पावले मात्र कोरडी होती. तिथून थेंबही येत नव्हता. मिस्त्री मागे वळला. अंगणात, काठापासून दोन हातांवर, मातीत एक भेग गेली होती. केसासारखी नव्हे, त्याने खिशातली दुर्री काढून तिच्यात घातली तर अर्धी आत गेली. धुण्याचा दगड काठाकडे कलला होता. हे पाहायला ओळंबा लागत नव्हता.

त्याने कप खाली ठेवला आणि बाईला फोन लावला.

"बाई, ताईच्या मागे मी सांधे भरलेत. सिमेंटने. तुम्ही नव्हतात तेव्हा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "किती लांब?"

"बारा पावलं. अंगणात भेग पडलीय."

"फोडा. खालच्या ओळीपासून. कंबरेला दोर बांधल्याशिवाय उतरू नका. घरातल्यांना पुढे रस्त्यावर काढा. मी निघाले."

घर रिकामे करण्यात पंधरा मिनिटे गेली, त्यातली बारा ताईची समजूत घालण्यात. तिने एक टाइपरायटर उचलून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही. मिस्त्रीने दोराचे एक टोक कंबरेला बांधले आणि दोर मागच्या दाराशेजारच्या खांबाला गुंडाळला. त्याचे दुसरे टोक धरायला शिंपी स्वतःहून पुढे आला. मिस्त्री घण आणि पहार घेऊन उतारावर उतरला, वरचे मोकळे दगड बाजूला केले आणि आपल्या सांध्यांसमोर गुडघ्यावर बसला. ते सांधे सुंदर होते. त्याने घण उचलला.

पहिल्या दहा घावांत काहीच झाले नाही. सिमेंट चांगले धरले होते.

"मिस्त्री," शिंपी वरून ओरडला, "एवढा घट्ट सांधा कोणी केला?"

"तुझ्या बापाने!"

"मग त्याला बोलाव ना फोडायला!"

"तू दोर धर रे आधी!"

अकराव्या घावाला कपचा उडाला. पहार शिरली. त्याने अंगाचा सगळा भार टाकून ती दाबली, आणि फटीतून पाण्याची मनगटाएवढी धार थेट त्याच्या छातीवर आली. गढूळ, थंड, जोरात. तो एका हाताने तोंड पुसत सरकला आणि पुढचा सांधा घेतला. मग त्याच्या पुढचा. गल्लीतली सगळी माणसे शेजारच्या घरांच्या मागून पाहत होती. ओळंबा मिस्त्री आपलेच काम फोडत होता आणि फोडता फोडता, कोणी विचारलेले नसताना, सांगत होता, "मी भरले होते. बाईंनी नको सांगितलं होतं. मीच भरले."

दुपार कलेपर्यंत बारा पावलांतून सतरा धारा वाहत होत्या. बाई आली तेव्हा धारा नितळ झाल्या होत्या. तिने अंगणातली भेग पाहिली, खुणेसाठी तिच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकले आणि तासभर त्यांतले अंतर मोजत राहिली. अंतर वाढले नाही. मग ती उतारावर आली आणि फुटलेल्या सिमेंटचा एक तुकडा उचलला. त्याची एक कड आरशासारखी सपाट होती.

"हा मी ठेवते," ती म्हणाली.

"कशाला? माझ्याविरुद्ध लिहून द्यायला?"

"खात्यात नवीन लोक येतात त्यांना दाखवायला. एवढा चांगला सांधा त्यांनी पाहिलेला नसणार." तिने तो तुकडा पिशवीत ठेवला. "पुन्हा करू नका."

"नाही."

"लपवू तर अजिबात नका."

"नाही, बाई."

पुढच्या आठवडाभरात तो तुकडा पुन्हा बांधला गेला, मूठ जाईल अशा फटी ठेवून. मिस्त्रीने तो एकट्याने बसवला. पूर्ण झाल्यावर तो प्रत्येक दगडावर उभा राहिला. एकही हलला नाही. ताईने वरून विचारले, "झालं का तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला, "मनासारखं नाही. बरोबर झालं." बायकोने हे ऐकले आणि हे आपल्याला चादरीच्या वेळी उपयोगी पडेल असे ठरवले.

वर्ष गेले. आणखी एक पूर येऊन गेला. सोंडांच्या मधल्या शांत पाण्याने गाळाचा रुंद पट्टा टाकला, त्यावर गवत आले आणि गवतात बदके. दुसऱ्या वळणावरच्या वस्त्यांनी मिस्त्रीला बोलावून नेले. तो तिथे जाई आणि ट्रकमधून उतरणाऱ्या दगडांना नावे ठेवी. चौकटी पाहायची सवय गेली नाही. शिंप्याच्या दुकानाची चौकट त्याने याच काळात स्वखुशीने सरळ करून दिली, आणि शिंप्याने त्याच्या शर्टाला आतल्या बाजूने एक जास्तीचा खिसा शिवून दिला. यापलीकडे दोघांत त्या दुपारविषयी बोलणे झाले नाही.

नगरपालिकेचा माणूस नोटिशीचा निकाल लावायला आला तो एका लख्ख सकाळी. टेप लावून त्याने मागच्या दारापासून काठापर्यंत मोजले. चार मीटरहून जास्त भरले. ताईच्या हिशेबात सात पावले, भिंत पडल्यावर उरली होती तेवढीच. ताईने नोटीस मागे घेत असल्याचे पत्र त्याच्या वतीने आधीच टाइप करून ठेवले होते. फक्त सहीची जागा मोकळी होती. तो माणूस पत्र वाचून थोडा गोंधळला, कारण त्याच्या कचेरीतून इतके नेटके पत्र कधी निघाले नव्हते. तो काठाशी गेला, खालच्या दगडांकडे पाहिले आणि नाक मुरडले.

"काम मजबूत दिसतंय," तो म्हणाला. "पण फार ओबडधोबड हो. वरून सिमेंट मारून घेतलं असतं तर जरा चांगलं दिसलं असतं. नाही का, मिस्त्री?"

गल्ली कान टवकारून उभी होती. मिस्त्रीने पेनाचे टोपण काढले आणि पेन त्याच्या हातात दिले.

"चांगलं दिसेल आणि पडेल. सिमेंट एकदा मीच भरलं होतं आणि मीच फोडलं. तुम्ही सही करा."